न धुतलेले पाय

"आयडेला... अर्ज फेटाळला."

टेलिफोनच्या त्या टोकाहून ऑर्व्हलनं हे असं सांगितलं, की जणू आज कोंबडीनं अंडं दिलं नाही, एवढंच काय ते घडलं होतं! आयडेलाच्या हातात लाटणं होतं. रविवारी चर्चच्या वार्षिक प्रभुभोजनाला न्यायच्या थरांच्या केकची पाचवी पोळी ओट्यावर अर्धवट लाटून पडली होती, चुलीवर वाळवलेली सफरचंदं दालचिनी घालून शिजत होती, आणि त्या गोड वासात उभ्या असलेल्या त्या बाईच्या अंतःकरणातलं चार वर्षं जपलेलं आशेचं इवलंसं रोप कुणीतरी मुळासकट उपटून टाकावं, तसं तिला झालं...

"कधी?" तिनं विचारलं.

"कागद येऊन तीन आठवडे झाले."

"आणि आज सांगतोयस? अरे, अपिलाला तीस दिवसांची मुदत असते, हे तूच सांगितलं होतंस ना मला? त्यातले बावीस तू असेच घालवलेस?"

"मी अपील करणारच नाही."

ती काही बोलणार, तोच मध्ये यंत्राची ती निर्विकार बाई बोलली, की हा फोन तुरुंगातून आलेला आहे आणि त्याची नोंद होत आहे. त्या बाईला नवरा-बायकोच्या भांडणात नेमकं कधी नाक खुपसावं, याचं जन्मजात ज्ञान होतं.

"जज्जनं सुनावणीसुद्धा घेतली नाही," ऑर्व्हल हलक्या आवाजात म्हणाला. "चार ओळी लिहिल्यात. 'आधीचा गुन्हा आपला नव्हे असं अर्जदार म्हणतो. मग कोणाचा, हे मात्र सांगत नाही.' आता वर गेलो तर वरचं कोर्ट म्हणेल, घ्या सुनावणी. सुनावणी लागली की मला शपथेवर उभा करतील. आणि विचारतील, तू नाहीस तर कोण? मग मी काय सांगू, आयडेला?"

"खरं सांग!"

"तू मला वचन दिलंयस."

"दिलंय... आठवतंय मला."

"मग झालं तर. केक चांगला कर. लवीनाला म्हणावं—"

आणि यंत्राच्या बाईनं फोन कापला. लवीनाला काय म्हणायचं होतं, ते तिनं आपल्यापाशीच ठेवलं.

आमच्या केंटकीच्या या खोऱ्यात डोंगर एकमेकांना इतके खेटून उभे आहेत, की इथल्या कुत्र्यांना शेपूट आडवी हलवायला जागा नाही, बिचारी वर-खाली हलवतात. अशा जागी एखादी गोष्ट लपवून ठेवायची म्हणजे पोत्यात मांजर घालून चर्चला जाण्यासारखं! पण स्लोन भावांची ती एक गोष्ट मात्र दहा वर्षं लपून राहिली होती, कारण ती आयडेलाच्या उरात पुरलेली होती, आणि त्या उरावर शपथेची शिळा होती.

धाकटा हर्शेल तेव्हा एकवीस वर्षांचा. लष्करात भरतीचे कागद झालेले, पुढच्या महिन्यात जायचं. अशा वेळी या पठ्ठ्याला दोन मित्रांबरोबर बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत शिरून तांब्याच्या तारा चोरायची बुद्धी झाली. पकडला गेला. खिशात ओळखपत्र नव्हतं, तोंडात मात्र नाव तयार होतं, ते थोरल्या भावाचं. चेहरे एकाच साच्यातले, दोघांत वयानं दहा वर्षांचं अंतर असलं तरी कोळशाच्या काजळीत सगळे सारख्याच वयाचे दिसतात. ऑर्व्हल स्लोन म्हणूनच त्याच्या बोटांचे ठसे घेतले गेले, ऑर्व्हल स्लोन म्हणूनच तो कोर्टात उभा राहिला, आणि ऑर्व्हल स्लोन म्हणूनच त्याला पाच वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. मग तो आपल्या खऱ्या नावानं फौजेत गेला, छातीवर पदकं लावून घरी आला. आणि इकडे खरा ऑर्व्हल, ज्यानं कधी कुणाच्या बागेतलं सफरचंदसुद्धा चोरलं नव्हतं, तो पाच वर्षं दर महिन्याला तालुक्याला जाऊन साहेबापुढे टोपी काढून सांगत राहिला, की "होय साहेब, मी सुधारतोय."

"पोराचं आयुष्य आहे गं," तो म्हणाला होता. "आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. मीच त्याला वाढवलं. माझ्या नावावर एक डाग पडला तर माझं काय जातंय? मी कुठं गव्हर्नर होणार आहे! पण तू शपथ घे. जिवंत असेपर्यंत तुझ्या तोंडातून यातला एक शब्द निघणार नाही."

तिनं शपथ घेतली. वेडी! प्रेमात पडलेल्या बाईला शपथ आणि पाणी यांतला फरक कळत नाही, दोन्ही ती घटाघटा पिते.

मग खाणीत ऑर्व्हलची पाठ मोडली, काम सुटलं, आणि घरात चूल पेटेना तेव्हा त्यानं आपल्याच दुखण्याच्या गोळ्या दोनदा एका माणसाला विकल्या. तो माणूस पोलिसांचा खबऱ्या निघाला. हा गुन्हा मात्र त्याचा स्वतःचा होता, तो त्यानं कबूल केला. शिक्षा व्हायची ती पाच-सात वर्षांची. पण सरकारी वकिलानं जुना कागद काढला: हा तर सराईत! आधीच्या गुन्ह्याची हमी संपून पुरतं वर्षही झालेलं नाही! जज्जनं विचारलं, "हा आधीचा गुन्हा तुमचाच?" प्रेक्षकांत हर्शेल बसला होता, तुरुंगाच्या नोकरीतला नवा कोरा गणवेश घालून. ऑर्व्हलनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "होय, माझाच."

पाचाची वीस वर्षं झाली!

आणि हर्शेल? पुढच्याच निवडणुकीत लोकांनी त्याला जिल्ह्याचा जेलर म्हणून निवडून दिला. आमच्याकडे जेलर मतांनी निवडतात. ज्याला आत असायला हवं त्याच्याच कमरेला लोकांनी मोठ्या कौतुकानं किल्ल्यांचा जुडगा बांधला! चार वर्षांत तो भावाला भेटायला एकदाही गेला नाही. आयडेलाशी चर्चच्या पायरीवर नजर चुकवून "कशी आहेस, वहिनी?" एवढंच. आणि तीही चार वर्षं त्याला उत्तर देत नव्हती.

शिक्षा रद्द करण्याचा अर्ज तुरुंगातल्याच एका कायदा कोळून प्यायलेल्या कैद्यानं लिहून दिला होता: जुन्या कागदावरचे बोटांचे ठसे ऑर्व्हलच्या ठशांशी वकिलानं कधी ताडूनच पाहिले नाहीत. ऑर्व्हलला वाटलं, नुसत्या ठशांवर काम भागेल, कुणाचं नाव घ्यावं लागणार नाही. भोळा सांब! आता अर्ज फेटाळला गेला होता, आठ दिवस उरले होते, आणि तो स्वतःच्या हातानं दार लावून घेत होता...

त्या रविवारी चर्च शिगोशीग भरलं होतं. वर्षातून एकदाच होणारं प्रभुभोजन! भाकर वाटून झाली, द्राक्षरस फिरला, आणि मग पाय धुण्याची वेळ आली. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. कमरेला पांढरा पंचा बांधून बहिणीनं बहिणीचे पाय धुवायचे, भावानं भावाचे, आणि ज्यांच्यात वर्षभरात काही बिनसलं असेल त्यांनी ते त्या पाण्यात सोडून द्यायचं. मनात कुणाबद्दल किल्मिष असताना या घंगाळ्याला हात लावायचा नाही, हा आमच्या वाडवडिलांचा नियम. दुसरा नियम असा, की सभेत बायकांनी बोलायचं नाही. गावं, रडावं, हर्षानं ओरडावंसुद्धा. पण तक्रार मांडायची ती पुरुषांनी.

चर्चचा म्हातारा उपदेशक ब्रदर एस्टिल भजनाची एकेक ओळ सांगत होता आणि सगळं चर्च ती ओळ लांबलचक सुरात ओढत होतं. लवीना, हर्शेलची बायको, कमरेला पंचा बांधून आयडेलापुढे गुडघ्यांवर बसली. गोरीगोमटी, हसरी, निष्पाप पोर! तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं हात पुढे केले.

आणि आयडेलानं पाय मागे घेतले.

"ताई?" लवीना पुटपुटली. "पाणी गार आहे का?"

आयडेला खाली वाकली. तिनं एक मोजा चढवला, दुसरा मोजा चढवला, आणि बुटाची नाडी बांधू लागली. तिच्या डोळ्यांपुढं सारं धूसर झालं होतं, पण गाठ मात्र तिनं पक्की बांधली.

भजनाचा सूर जिथल्या तिथे तुटला. चाळीस वर्षांत त्या चर्चमध्ये कुणी पाय मागे घेतले नव्हते!

"काय बाई तोरा!" मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं.

"नवरा आत, आणि हिचं नाक वर!"

ब्रदर एस्टिल काठी टेकत आला. "सिस्टर आयडेला, तुझ्यात आणि सिस्टर लवीनात काही आहे का?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग तिच्या घरातल्या कुणाशी?"

आयडेलाचे ओठ घट्ट मिटलेले, आणि त्या मिटलेल्या ओठांवरून आसवांच्या धारा ओघळत होत्या... तिनं एक शब्दही उच्चारला नाही. शपथ शब्दाची होती. पायांची शपथ कुणी घातली होती?

"ताई, माझं काय चुकलं? सांगा ना मला!" लवीना हुंदके देऊ लागली. "मी तुमच्या लेकीच्या, रोवेनाच्या लग्नाला दोन दिवस आधी आले होते ना! मी..."

पुरुषांच्या बाजूला घंगाळं कलंडल्याचा आवाज झाला. हर्शेल उभा होता, अनवाणी, विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, आणि सांडलेलं पाणी त्या सहा फुटी जेलरच्या पायांखालून वाहत होतं.

"तिला विचारू नका," तो म्हणाला. "ती सांगणार नाही. दादानं तिचं तोंड बांधलंय. माझ्यासाठी बांधलंय..."

आणि त्यानं सांगितलं. तांब्याच्या तारा, चोरलेलं नाव, ती पाच वर्षं, ती वीस वर्षं... सारं काही! चर्चमध्ये असा आक्रोश उठला, की दोन डोंगर पलीकडच्या गुरांनी चरणं थांबवलं म्हणतात. म्हातारे गळ्यात पडून रडले. ब्रदर एस्टिलनं विचारलं, "या भावाला क्षमा करायची का?" आणि शंभर हात वर झाले. एकेक जण येऊन त्याचा हात हातात घेऊन गेला, आणि अर्ध्या तासात पापाचा निकाल लागून मंडळी बाहेर झाडाखालच्या टेबलांवर तळलेली कोंबडी आणि मक्याची भाकरी वाढून घेऊ लागली.

इथंच आमच्या लोकांची नेहमीची चूक होते. देवापुढे रडलं की संपलं, असं त्यांना वाटतं!

आयडेला ताट न घेता हर्शेलपुढे येऊन उभी राहिली. चार वर्षांनी ती त्याच्याशी बोलत होती.

"आज पंचविसावा दिवस आहे. शुक्रवारी तिसावा."

"कसला, वहिनी?"

"अपिलाचा! ऑर्व्हल सही करत नाही. करेल कशी? त्याला वाटतं, तू अजून लपूनच राहायला हवंस. तू जाऊन सांग त्याला, की सुनावणीत तू उभा राहशील."

हर्शेलनं आजूबाजूला पाहिलं. त्याचे डोळे अजून ओलेच होते, पण आता त्यांत भीती होती. "वहिनी, चर्चनं आत्ताच क्षमा केली..."

"चर्चनं केली. चर्च वीस वर्षं आत नाहीये."

"सिस्टर," ब्रदर एस्टिल कोंबडीची तंगडी खाली ठेवून म्हणाला, "भावानं भावाला कोर्टात ओढू नये, हा आपला नियम आहे. इथं पुसलं ते वरही पुसलं."

"वर म्हणजे कुठे, ब्रदर एस्टिल? देवाच्या वहीत ना? माझा नवरा ज्या वहीत आहे ती वेगळी आहे, आणि तिच्यातलं रडून पुसत नाही!"

"माझी नोकरी जाईल, वहिनी," हर्शेल हळूच म्हणाला. "कदाचित खटलाही होईल. दोन पोरं आहेत मला."

"मलाही एक पोर आहे. तिच्या लग्नात तिचा हात धरून कोण चालत गेलं, आठवतंय तुला? तू! बापाच्या जागी तू! आणि मी पहिल्या बाकावर बसून पाहत होते, तोंड मिटून!"

ती तशीच चालत घरी गेली. मागे लवीना उभी होती, हातातलं ताट तसंच धरून, नवऱ्याकडे असं पाहत, की जणू हा माणूस तिनं आज पहिल्यांदाच पाहिला होता...

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारीही ऑर्व्हलचा फोन आला नाही. गुरुवारी आयडेलानं शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांसाठी मटाराची आमटी केली आणि त्यात मीठच घालायला विसरली. शुक्रवारी पहाटे दारात गाडीचा भोंगा वाजला.

हर्शेल होता. साध्या कपड्यांत. दाढी वाढलेली. कमरेला किल्ल्या नव्हत्या.

"काल राजीनामा दिला," तो म्हणाला. "लवीना रविवारपासून माझ्याशी बोलली नाही. काल रात्री एवढंच म्हणाली, 'पोरांना त्यांच्या बापाचं खरं नाव कोणतं सांगू?' चल, वहिनी. आज भेटीचा वार आहे."

तीन तासांची वाट कापून दोघं तुरुंगाशी पोचले.

तुरुंगाच्या फाटकात पहारेकऱ्यानं यादी काढली. भेटीला येणाऱ्याचं नाव कैद्यानं आधी देऊन ठेवलेलं असावं लागतं, नाहीतर आत सोडत नाहीत. हे हर्शेलला पहारेकऱ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, रोज तो स्वतः लोकांना याच कारणानं परत पाठवत आला होता. तो आयडेलाला म्हणाला, "तू जा. माझं नाव नसणार. मी बाहेर थांबतो, तू त्याला माझा निरोप..."

"हर्शेल स्लोन, भाऊ," पहारेकरी बोट फिरवत म्हणाला. "आहे की! पहिल्या दिवसापासून आहे. दर सहा महिन्यांनी नवी यादी होते, दर यादीत पहिलं नाव तुझंच. आम्हाला वाटायचं, मेलाबिला की काय हा भाऊ!"

आयडेलाचं नाव त्याच्या खाली होतं. तिनं ते वाचलं, आणि तिला हसावं की रडावं ते कळेना.

ऑर्व्हल आत आला तो पाठीतून थोडा वाकून, केस पांढरे झालेले. आणि हर्शेलला पाहताच त्याचा चेहरा असा उजळला, की त्या उदास खोलीतले सगळे दिवे एकदम पेटल्यासारखे झाले!

"अरे, आलास? केवढा झालास! पोट सुटलं की रे तुला, जेलरसाहेब!"

"दादा..." हर्शेल पुढे झाला. "जेलर नाही आता मी. सगळ्यांना सांगितलं मी. सुनावणीतही सांगणार. तू अपिलावर सही कर."

ऑर्व्हलचं हसू मावळलं. तो हळूहळू आयडेलाकडे वळला. "तू शपथ मोडलीस?"

"नाही, दादा! ती एक शब्द बोलली नाही. तिनं फक्त पाय मागे घेतले."

"म्हणजे तेच! मी याच्यासाठी दहा वर्षं सोसलं, आणि तू एका दिवसात... का? माझं होतं, मी दिलं! माझं नाव, माझी वर्षं! माझ्या मर्जीनं दिलं!"

"तुझं होतं?" आयडेला म्हणाली. आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला, की शेजारच्या टेबलावरची मंडळी बोलायची थांबली. "ऑर्व्हल, तुला इथं तीन वेळा जेवायला मिळतं. झोपायला वेळ आहे, उठायला घंटा आहे. छप्पर गळतं ते माझ्या डोक्यावर. पाइप गोठतात ते माझ्या घरात. बाजारात लोक बाजूला सरकतात ते मला पाहून. तुला वाटतं, तू भावाला तुझी वीस वर्षं दिलीस... तुझी नव्हती रे ती! माझी होती. माझी उचलून दिलीस, आणि मला विचारलंसुद्धा नाहीस. वर मलाच शपथ घातलीस, की कुणाला सांगू नकोस!"

इतकी वर्षं जो त्याग ऑर्व्हल रात्रंदिवस एकट्यानं उराशी कवटाळून बसला होता, ज्याच्या उबेवर तो या दगडी भिंतींत जिवंत राहिला होता, तो त्याग त्याच्या डोळ्यांदेखत वितळून गेला. आणि त्याच्या जागी समोर एक बाई दिसली, चाळिशीला टेकलेली, हातांना साबणानं भेगा पडलेली... त्यानं तिच्याकडे पाहिलं. चार वर्षं दर महिन्याला ती त्याच्यासमोर बसत होती, आणि आज त्यानं तिला पाहिलं.

"मी कधी विचारलंच नाही..." तो पुटपुटला. "आयडेला, मी तुला विचारलंच नाही गं..."

तिनं नजर भिंतीकडे वळवली. 

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजले होते. भेट साडेतीनपर्यंत होती. ऑर्व्हल उठून उभा राहिला.

"कुठे निघालास, दादा?"

"कागद कोठडीत आहे. इथं आणू देत नाहीत. टपालाची खिडकी तीनला बंद होते, आणि आज दिला तरच तो आजचा धरतात." मग तो आयडेलाकडे वाकला आणि अगदी लहान मुलासारखं त्यानं विचारलं, "जाऊ मी?"

तिनं मान हलवली. जा. भेटीचं एक मिनिटसुद्धा सोडून कुठला कैदी उठत नाही. पहारेकऱ्याला वाटलं, भांडण झालं. ऑर्व्हल मात्र दाराकडे असा निघाला, की मोडक्या पाठीचा तो माणूस जवळजवळ धावत होता!

वरच्या कोर्टाचं उत्तर यायला पुढे चौदा महिने लागले, आणि त्यातही सुटका नव्हती. एवढंच होतं, की सुनावणी घ्या, ठसे ताडून पाहा, साक्षीदाराला ऐका. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी तुरुंगाबाहेरच्या तापलेल्या आवारात आयडेला आणि हर्शेल गाडीपाशी उभे होते, आणि खिडकी वेळेत गाठली की नाही, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

"वहिनी," हर्शेल जमिनीकडे पाहत म्हणाला, "तू तरी मला..."

"नाही," आयडेला म्हणाली. "मी तुला क्षमा केलेली नाही, हर्शेल. कधी करीन, तेही मला ठाऊक नाही."

त्यानं तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. ती गाडीत बसली. दार लावलं. मग काच खाली करून म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लं नाहीयेस. घरी घेवड्याची आमटी आहे. लवीनाला आणि पोरांना बोलावून घे... आणि जेवूनच जा."